काकीने माळ घातली नाही

काकीला हळू बोलता येत नसे. आगर गावात आमच्या ओटीवर ती कुजबुजली, तरी पलीकडच्या आळीतल्या बायका ओ देत. थोरल्या दिरासमोर, म्हणजे माझ्या बाबांसमोर, बायकांनी आवाज खाली ठेवायची घरात रीत होती. काकी डोक्यावर पदर घेई आणि आवाज होता तिथेच ठेवी.

डहाणूच्या बाजारात ती मासळी विकायची. होडीवरून माल घेताना आधी कल्ले उचलून बघे. "चकाकीवर जाऊ नये, आत बघावं," असं तिचं म्हणणं.

तिचं पोट दुखायला लागलं ते तळणीचं खाल्ल्यावर. उजव्या बरगडीखाली कळ उठे आणि पाठीतून खांद्यापर्यंत जाई. घरचे म्हणत, "पित्त झालंय, सोडा पी." ती सोडा पीत राहिली आणि ओकत राहिली. त्या सुमारास बाजारात एक बुवा आला. पोटाला नळी लावून तो तोंडाने खडे ओढून काढी. काकी त्याच्यापुढे आडवी झाली. नळी टेकताच उठून बसली.

"आधी आ कर," ती म्हणाली. "मी बांगड्याचेसुद्धा कल्ले बघते."

बुवाने ओठ घट्ट मिटले. काकीने त्याचे गाल दाबले, तसा जिभेखालचा खडा तिच्या टोपलीत पडला. बाजार पोट धरून हसला. काकीची कळ मात्र तशीच राहिली.

मी तेव्हा वाणगावच्या शाळेत शिकवत होते. मीच तिला सोनोग्राफीला नेलं. पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मुतखडा कधीकधी लघवीवाटे पडतो. या खड्यांना ती वाट नाही, आणि औषधाने ते विरघळतील असं धरून बसू नका. पिशवीच काढायला हवी. पित्त यकृतात तयार होतं, ते पुढेही होत राहील."

काकीला लगेच पटलं. मासा साफ करताना त्याची हिरवी पित्ताची पिशवी ती अलगद काढत असे; फुटली की मासा कडू. "फोडू नका," तिने बाईंना बजावलं, "अख्खी काढा."

बाबा आडवे आले. त्यांची बहीण ऑपरेशनला गेली ती परत आली नव्हती. "या घरात पुन्हा कुणाचं पोट फाडायचं नाय," ते म्हणाले. काका भावापुढे कधी बोलत नसत. दिवस तसेच गेले.

मग एका सकाळी काकीचे डोळे पिवळे दिसले. अंगात हुडहुडी, सणसणून ताप. बाबांनी गाडी बोलावली. तलासरीकडे काविळीची माळ घालणारा कुणी होता, त्याच्याकडे न्यायला. काकी भिंत धरून अंगणात आली.

"भावजी, गळ्यात एकदाच माळ घातली, ती तुमच्या भावाने. तेवढी पुरे."

बाबांनी मान फिरवली.

"ताईंसाठी मीपण रडले," काकी म्हणाली. "पण त्यांना नेलं ते शेवटच्या घटकेला. मला तसं नेऊ नका."

मग काका उठले, ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "वापीला घे. मोठ्या हॉस्पिटलात."

एक खडा पित्तनळीत अडकला होता. तोंडातून दुर्बीण घालून तो आधी काढला. ताप उतरल्यावर पोटाला बारीक छिद्रं पाडून पिशवी काढली. शुद्धीवर येताच काकीने विचारलं, "अख्खी निघाली?"

"आखी नीकळी, मासी," सर्जन हसून गुजरातीत म्हणाले.

ते खडे बाटलीत भरून तिने टोपलीशेजारी ठेवले. बरगडी धरून बसलेली बाई दिसली की बाटली खुळखुळवून दाखवी. भाजी विकायला येणाऱ्या तलासरीच्या एका बाईला तिने भरल्या बाजारातून डॉक्टरकडे नेलं. तिचा नवरा वाटेत आडवा आला, "बायको माझी आहे!"

"मग तिचं दुखणंपण तूच घे," काकी म्हणाली आणि त्याला वळसा घालून पुढे गेली.

काकी आता नाही. पुष्कळ वर्षं जगून, आदल्या दिवशी बाजार करून, झोपेतच गेली. मागच्या वर्षी माझ्या बरगडीखाली तशीच कळ उठली. सासरे म्हणाले, "थांब जरा, घरात सल्ला करू."

"करा की," मी चपला घालत म्हणाले. "तोवर मी सोनोग्राफी करून येते."