ट्रॉयच्या काकांची जर्मन मंत्री

आमच्या समोरच्या घरातल्या काकांना जर्मन राजकारण जेवढं कळतं तेवढं खुद्द जर्मनीत कुणाला कळत नसेल, पैजेवर सांगते! काका इथे डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये गाड्यांच्या कंपनीतून रिटायर झालेले इंजिनिअर. तरुणपणी ट्रेनिंगला जर्मनीत गेले तेव्हा ज्या घरी भाड्याने राहिले, त्या घरातली शाळकरी मुलगी आज तिथल्या एका राज्याची उद्योगमंत्री आहे. झालं! तिचं करिअर म्हणजे काकांचं फॅमिली मॅटर. ती नगरसेवक झाली तेव्हा यांनी ऑफिसात पेढे वाटले, आमदार झाली तेव्हा सत्यनारायण घातला, आणि मंत्री झाली तेव्हा अख्ख्या स्ट्रीटला शिरा! शेजारचा गोरा अजून समजतो की काकांना नात झाली. तिकडे संध्याकाळी मतदान संपतं तेव्हा इकडे भर दुपार, त्यामुळे निकालाच्या रविवारी काकूंनी जेवायला हाक मारायची नाही. एकदा युतीची बोलणी लांबली तर काका दाढी न करता हिंडत होते, "कुठलं खातं देतायत पोरीला कुणास ठाऊक!" आणि वर, "भागाकार मी शिकवलाय तिला." मग काकू हमखास, "अहो, पण तिला तुमचं नाव तरी आठवतंय का?" "न आठवायला काय झालं!" म्हणायचे, पण टीव्हीचा आवाज वाढवायचे.

आणि मागच्या महिन्यात ती चक्क डेट्रॉइटला आली यार! गाड्यावाल्यांच्या कार्यक्रमाला. मला ऑफिसातून दोन पास मिळाले. मी ड्राइव्ह करतेय आणि शेजारी सूट घालून काका जर्मन वाक्यं घोकतायत. मध्येच एकदम हळू आवाजात, "अगं, नाही ओळखलं तर?"

"ओळखतील हो काका!"

भाषणानंतर भेटायला ही रांग! काकांची पाळी आली आणि घोकलेलं सगळं जर्मन गुल. नुसते तिचा हात धरून उभे. बाई मस्त हसल्या आणि इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "पुन्हा भेटून फार आनंद झाला!" काका असे फुलले ना! मागे वळून मला म्हणतात, "पुन्हा म्हणाली, पुन्हा!" तेवढ्यात बाईंनी माझा हात हातात घेतला, तशाच हसल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा भेटून फार आनंद झाला!"

परत येताना मी मनात देवाचा धावा करत होते, काकांनी ऐकलेलं नसू दे. त्यांनी टायची गाठ सैल केली. मग म्हणाले, "तुलाही म्हणाली ना?"

"हो."

"हुशार आहे पोर. कुणाला रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. मंत्री उगाच नाही झाली." आणि खिडकीबाहेर बघत बसले.

दारात काकू उभ्याच. मला वाटलं, आता विचारणार! काकूंनी एकदा काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं, त्यांचा कोट हातात घेतला आणि म्हणाल्या, "कशी वाटली हो पोरगी? टीव्हीवर फार वाळल्यासारखी दिसते."

काका वाकून बुटाची नाडी सोडत होते. "वाळलीच आहे गं," ते म्हणाले. "वेळेवर जेवत नसणार."