अर्ध्या छपराचं घर

चहा गार व्हायच्या आत सांगून टाकतो, कारण हीच फजिती माझी बायको सांगते तेव्हा मी त्यात आणखी मूर्ख दिसतो.

रसायनीच्या एका कारखान्यात मी आयुष्यभर मालाची तपासणी केली. माझ्या हाताखालून गेलेला माल कधी परत आला नाही, हे मी कुणालाही, कुणी न विचारता, सांगतो. निवृत्त झालो, कळंबच्या पुढे जागा घेतली आणि घर बांधायला काढलं. भिंती झटपट उभ्या राहिल्या. गाडी अडली ती छपरावर.

आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. पाणी थांबायला नको म्हणून छपराला चांगला उभा उतार ठेवला होता. पण त्यावर घालायचं काय?

माझी बायको सुलभा म्हणाली, "मंगलोरी कौलं. घर घरासारखं तरी दिसेल."

बबन मिस्त्री म्हणाला, "ताई, एवढ्या उतारावर कौल घसरतं. एक-एक तारेनं बांधावं लागंल. वर माकडांचा तरास. रंगीत पत्रे टाका न् मोकळे व्हा."

"पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की घरात एकमेकांशी बोलायचं कसं?"

मी दोघांना थांबवलं. म्हटलं, अंदाजानं बोलायचं नाही. आसपासची छपरं बघू, खाली राहणाऱ्यांना विचारू, नोंदी करू आणि मग ठरवू. बबननं मान हलवली. ती कौतुकानं हलवली असं मी तेव्हा धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगराखालच्या वाडीत हजर झालो. डोक्यावर टोपी, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा, एका हातात मोजायची टेप आणि काखेत जाड वही. त्याच्या आदल्या आठवड्यात वळवाचा जोरदार वारा येऊन गेला होता, बऱ्याच घरांवरचं काहीबाही उडालं होतं. पुढे काय झालं असेल ते तुमच्या आत्ताच लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

पहिलं घर हिराबाईंचं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाई, दारात शेळ्या. घरावर जुने सिमेंटचे पत्रे.

"आजी, छपराचा काही त्रास?"

"तरास तं हायेच. परवाच्या वाऱ्यानं दोन पत्रे तडाकले."

मी लिहून घेतलं. त्या वाकून वहीत बघत होत्या.

"लिवलं का?"

"लिहिलं."

"माजं नाव बी लिवा. हिराबाई."

मला बरं वाटलं. म्हटलं, नोंदीचं महत्त्व कळणारी माणसं आहेत. नाव लिहिलं, टेपनं लांबी-रुंदी घेतली, मोबाईलवर दोन फोटो काढले.

दुसऱ्या घरी पोचेपर्यंत माझ्यासाठी खुर्ची बाहेर आली होती. तिसऱ्या घरी सरबत. लोक मला सायेब म्हणायला लागले. कारखान्यात इतकी वर्षं काढली, तिथे शिपाईसुद्धा मला नावानं हाक मारायचा. इथे लोक हाताला धरून गळकी जागा दाखवत होते. ज्ञानाची कदर खेड्यातच असते, असं मनाशी म्हणत मी वही भरत होतो.

पाचवं घर धर्माचं. धर्मा चाळिशीतला, स्वतःची भातशेती असलेला माणूस. मी गेलो तेव्हा तो घरावर चढून चांगली धडधाकट कौलं भराभर काढत होता. मला बघून दचकला.

"काय झालं हो?" मी खालून विचारलं.

"वाऱ्यानं गेली, सायेब."

झाडाचं पान हलत नव्हतं. मी वहीत लिहिलं : कौल, वाऱ्यात अजिबात टिकत नाही. आणि खाली रेघ मारली.

झालं, माझा निर्णय झाला. पत्रेच. तिथूनच दुकानदाराला फोन लावला आणि उताराच्या लांबीप्रमाणे कापून लाल पत्रे पाठवायला सांगितले. निघताना हिराबाईंनी गाठलं.

"मंग पत्रे कवा येतील, सायेब?"

बाईंना माझ्या घराची केवढी काळजी, असं वाटलं मला. "आठ दिवसांत येतील, आजी. काही चिंता करू नका."

त्या हसल्या. मीही हसलो.

आठ दिवसांनी टेंपो आला आणि त्याच्या मागे अख्खी वाडी आली. सर्वांत पुढे हिराबाई. बबन पत्रे उतरवायला गेला तर त्या म्हणाल्या, "हितं नगं उतरवू रं. पयले माज्याकडं ने. वहीत माजं नाव पयलं हाय."

मी म्हटलं, "आजी, हे माझ्या घराचे पत्रे."

"तुमच्या?"

"हो. मी छपरं बघायला आलो होतो. माझ्या घरावर काय घालावं ते ठरवायला."

मग धर्मानं विचारलं, "म्हंजी तुमी वाऱ्याचा पंचनामा करायला नव्हता आला?"

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर ती सगळी सरबतं एकामागून एक आली.

धर्मा वळला आणि आपली कौलं परत चढवायला निघून गेला. पण हिराबाई तिथेच उभ्या. खालच्या आवाजात म्हणाल्या, "मी तं जुने पत्रे काडले. नवे येनार म्हनून. काडताना तुकडं झालं."

मी वर पाहिलं. डोंगराच्या बाजूनं आभाळ काळं होत होतं. त्या बाईंच्या डोक्यावर छप्पर नव्हतं, आणि ते वाऱ्यानं नव्हे, माझ्या शब्दानं गेलं होतं. सुलभाकडे बघायची हिंमत नव्हती, पण तीच बबनला म्हणाली, "टेंपो वाडीकडे घे."

दिवस मावळेपर्यंत हिराबाईंचं घर लाल पत्र्यांनी झाकलं गेलं. माझे पत्रे उभ्या उतारासाठी कापलेले, म्हणजे लांबलचक. बबन कापायला निघाला तर हिराबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे रं. शेळ्या बसतील खाली." उरलेल्या पत्र्यांत माझ्या घराची एकच बाजू झाली. तो लाल रंग पुन्हा यायला वेळ होता, म्हणून दुसऱ्या बाजूवर निळी ताडपत्री बांधली.

वही मात्र वाया गेली नाही. ती घेऊन मी ग्रामपंचायतीत गेलो आणि जे झालं ते सगळं सांगितलं. धर्माच्या नावावर आधी काट मारली. मग एके दिवशी खरे तलाठी वाडीत आले. माझ्या मापांवरून त्यांचं काम भराभर उरकलं. "मोजमाप पक्कं आहे तुमचं," असं ते म्हणालेही. मी लगेच ताठ झालो. आपण चुकलो खरे, पण चुकलो तेसुद्धा किती व्यवस्थित, असं काहीतरी मनात आलं.

परतताना त्यांची नजर माझ्या घरावर गेली. अर्धं लाल, अर्धं निळं. त्यांनी पुन्हा कागद काढला.

"तुमचं नाव कसं राहिलं? अर्धं छप्पर गेलंय की. वाऱ्यानंच ना?"

मी तोंड उघडायच्या आत, आमच्या मागोमाग आलेल्या हिराबाईंचा आवाज आला.

"वाऱ्यानं नाय ओ. यांचं चौकशीत गेलं."