तीन पेट्या आणि आईची इलेक्शन ड्युटी

आई तीन महिन्यांसाठी म्हणून आयर्लंडला आली आणि लॉकडाऊनमुळे वर्षभर अडकली. कोल्हापूरकडची निवृत्त प्राथमिक शिक्षिका. अख्खा जन्म हुकूम सोडण्यात गेलेला, आणि इथे हुकूम ऐकायला मी एकटीच. रिंगास्किडीच्या फार्मा प्लांटमधून दमून घरी यावं, तर हिने किचनमधल्या प्रेसमध्ये (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) सगळे डबे उंचीनुसार लावलेले. मला मेला हिंगसुद्धा सापडायचा नाही.

आमची शेजारीण एल साल्वादोरची. २०२१च्या फेब्रुवारीत एकदा ती कुंपणापलीकडे रडवेली उभी होती. तिकडे विधानसभेची निवडणूक आली होती आणि तिच्या धाकट्या बहिणीला एका मतदान केंद्राची प्रमुख नेमलं होतं. बहीण बेकरीत कामाला, कुणी आवाज चढवला तरी घाबरणारी. पार्ट्यांची माणसं टेबलाभोवती आरडाओरडा करणार, ही घाबरून चुकीच्या आकड्यावर सही करणार, आणि मग गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, अशी शेजारणीला धास्ती.

मी सहज आईच्या कानावर घातलं. आई ताडकन उठलीच. "एवढंच ना? सोळा इलेक्शन केल्यात मी! लाव फोन तिला."

झालं! रविवारी दुपारी कुंपणाच्या अल्याड आम्ही, पल्याड फोन धरून शेजारीण, आणि व्हिडिओ कॉलवर बहीण. आईचं मराठी मी इंग्रजीत करायचं, माझं इंग्रजी शेजारणीने स्पॅनिशमध्ये. तिकडे माझी भाजी करपत होती, पण बाईंचा तास सुरू होता.

"तिला सांग, सोबत दशम्या बांधून घे. ड्युटीवर जेवायला कुणी विचारत न्हाई."

आता दशमीचं इंग्रजी काय करू, कपाळ? मी 'ब्रेड' म्हटलं. बेकरीवाली खुदकन हसली. तिथे मला पहिल्यांदा वाटलं, जमेल हिला.

तिने नमुन्याची मतपत्रिका दाखवली. एकेका उमेदवाराचा फोटो, फोटोवर फुली मारायची. आई म्हणाली, "शाळेच्या ग्रुप फोटोगत दिसतंय की!" त्या दिवशी तिकडे विधानसभा, गावचं कौन्सिल आणि मध्य अमेरिकेतल्या देशांची सामायिक संसद अशा तीन निवडणुका एकत्र होत्या, म्हणजे पत्रिका तीन आणि पेट्याही तीन. हे ऐकून आईने बोट उगारलं. "मोजताना एक जरी पत्रिका कमी भरली तरी सही न्हाई. आधी बाकीच्या पेट्या बघायच्या. आमच्याकडं झेडपीची पत्रिका पंचायत समितीच्या पेटीत टाकणारे ढिगानं भेटलेत मला."

मतदानानंतरच्या सोमवारी आम्ही चहा घेत होतो, तोच शेजारीण कुंपण बडवायला लागली. फोनवर बहीण होती, रात्रभर मोजणी करून नुकतीच घरी पोचलेली. विधानसभेच्या पेटीत खरंच एक पत्रिका कमी भरली होती. पार्टीचा एक माणूस अंगावर ओरडला, एका मतानं काय आभाळ कोसळतंय, सही करा आणि घरी जाऊ द्या. तरी तिने पेन खिशात टाकलं आणि गावच्या कौन्सिलची पेटी उघडायला लावली. तळाशी ती पत्रिका घडी घालून पडली होती!

आईने टाळ्या वाजवल्या. मला तर रडूच आलं. पण शेजारणीचं तोंड उतरलं. ते मत निघालं होतं विरोधी पार्टीचं, जिला यांच्या घराण्याने आजोबांपासून शिव्या घातल्या त्या पार्टीचं.

"एवढा खटाटोप त्यांच्यासाठी?" ती म्हणाली.

"ते मत त्यांचं कुठाय?" आई म्हणाली. "टाकणाऱ्याचं हाय."

मी ते इंग्रजीत सांगितलं. शेजारणीने ते बहिणीला स्पॅनिशमध्ये सांगितलं. पलीकडून बहिणीचा दमलेला आवाज आला. शेजारीण हसत आमच्याकडे वळली.

"ती म्हणते, त्या ओरडणाऱ्याला मी हेच सांगितलं."