साडेपाच तास दोनदा

“महरीनला सगळं ठाऊक हाय, पण तोंड उघडत नाय,” असं आमच्या राजिवड्यात महिनाभर चाललं होतं. सगळं म्हणजे काय, तर जहाजावरच्या कमालचाचाने कुठल्याशा बंदरात दुसरं लग्न केलं, म्हणून तो बायकोला, रझियाचाचीला, फोन करत नाही. शेजारच्या जैनबखाला ओढणी सावरत म्हणायच्या, “मी कुठे काय बोलते गो? पण बंदर म्हटलं की आलंच सगळं!”

लग्नबिग्न काही नव्हतं. चाचा दर आठवड्याला फोन लावत होता. चाचीच तेव्हा रेंजमध्ये नसायची, आणि ती महरीनआपाची करणी होती.

माझी ही थोरली बहीण हातखंब्याला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे कॉम्प्युटरवर असते. जहाजाच्या सॅटेलाइट फोनवर कुणाची पाळी कधी, ते जहाजाची कंपनी तिला मेलने कळवायची, पण ग्रीनविचच्या वेळेत. चाचीचं घर खाडीलगत खोलात. तिथे रेंज नाही, बोलायला सड्यावर, वरच्या कातळमाळावर, चढावं लागतं. म्हणून आपाने छोटासा प्रोग्राम लिहिला. तो साडेपाच तास मिळवून आपली वेळ काढायचा आणि आपा ती चाचीला सांगायची.

मग कंपनीने पद्धत बदलली. वेळ आधीच आपली येऊ लागली, तसं सांगणारी ‘+05:30’ अशी शेपटी लावून. प्रोग्राम शेपटी वाचायचाच नाही. त्याने साडेपाच तास पुन्हा मिळवले. चाचा दुपारी फोन लावी. चाची दिवेलागणीला, धुतलेली ओढणी घेऊन, सड्यावर उभी. उतरताना म्हणे, “काम असतंय गो त्याला.”

एका सकाळी चाचाचा मेल आला : ‘रझियाला सांग, बोलायचं नसेल तर राहिलं. मी जहाजावर आणखी सहा महिने राहायची सही केली.’

आपाने प्रोग्राम उघडला आणि तिला ती न वाचलेली शेपटी दिसली. दुरुस्ती एका ओळीची होती. गुपचूप केली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण ती प्रत्येक खोटी वेळ तिने स्वतःच्या तोंडाने सांगितली होती. समोरचा चहा तसाच निवला.

त्या दुपारी चाचाची पाळी होती. आपा चाचीला घेऊन सड्यावर गेली आणि वाटेतच बोलली, “चाची, चाचा फोन करीत होता. वेळ मी चुकीची सांगितली.”

चाची थांबली. “म्हणजे... करीत होता?”

“होय. तुला बोलायचं नाही असं वाटून त्याने आणखी सहा महिन्यांची सही पण केली.”

तेवढ्यात फोन वाजला. “सही करायला बरा हात चालला तुझा!” चाची ओरडली, आणि मग नुसतीच रडत राहिली. सही मागे फिरणार नव्हती. आपाला मात्र चाची एका शब्दानेही रागावली नाही. घरी येऊन आपा म्हणाली, “तिने एक थोबाडीत दिली असती ना, तर बरं वाटलं असतं.”

ती कबूल करणार नाही, अशी त्या सकाळी मी तिच्याशीच पैज लावली होती, ती हरलो. आता आठवडाभर घरचे मासे मी साफ करतोय.