जळलेल्या मोटरीचा वास
उद्यमबागेतल्या माझ्या जनरेटर दुरुस्तीच्या दुकानात जळलेल्या मोटरीचा वास आला की मी उठून बाहेर जातो. सदलग्याच्या एका आक्कांच्या कोंबड्यांच्या शेडवर जनरेटरचा रेग्युलेटर गेला होता. भार कमी-जास्त झाला तरी व्होल्टेज सारखं ठेवणारा तो भाग बदलायचा कंटाळा करून मी त्याच्याऐवजी बॅटरी थेट जनरेटरला जोडली आणि पंप चालू असतानाच व्होल्टेज हातानं जुळवलं. दुपारी आक्कांनी पंप बंद केला. भार उतरताच व्होल्टेज चढलं आणि शेडमधले पंखे जळाले. दुसऱ्या दिवशी, पंख्यांविना उकाड्यानं मेलेल्या कोंबड्यांची घाण फाटकापर्यंत येत होती. नाकाला पदर लावून त्यांनी विचारलं, "पंप बंद केला, त्ये माझंच चुकलं काय अण्णा?" मी "व्हय" म्हणालो आणि गुपचूप नवा रेग्युलेटर बसवला. आजही पंप बंद करण्याआधी त्या मला फोन करतात. "करा आक्का," म्हणताना मला माझ्याच तोंडाची किळस येते.