हातावरचं दही

दह्याचा आंबूस वास आला की मला हिमालयातली ती सायकलवारी आठवते. हैदराबादला घाट कुठला, म्हणून उन्हाळाभर मी पहाटे एकाच उड्डाणपुलावर चढउतार करायचे. पुलाखालचा चहावाला विचारायचा, "रोज ऊपर जाके नीचे आते, मॅडम, जाना किधर है आपकू?" निघायच्या सकाळी सिकंदराबाद स्टेशनची रिक्षा येऊन थांबली आणि मी दारातच अडले. निघताना हातावर दही घालायचं काम आईचं, आणि ती तर वर्षापूर्वीच गेलेली. शेवटी डाव्या हाताने स्वतःच्याच उजव्या तळव्यावर दही घातलं आणि चाटून टाकलं. तिकडे हिमालयात शेवटची खिंड चढले आणि सायकल दगडाला टेकवली. तिथे आमच्या गटातल्या एकाच मुलीच्या फोनला रेंज होती, म्हणून सगळे आळीपाळीने घरी बोलत होते. तिने फोन माझ्यापुढे धरला, "दीदी, घरकू बोलो ना, पहुँच गए बोलके." मी म्हटलं, "बाद में," आणि उगाच सायकलची चेन पुसत बसले. अजूनही कुठे लांब निघाले की मी दही घालून घेते. पण ते घालताना आई "लवकर ये गं" म्हणायची. तेवढं मात्र आपलं आपल्याला म्हणता येत नाही.