बटणाला सांग

लालबागच्या स्टॉपवर रोज एक मावशी बसमध्ये चढायच्या आणि माझ्या पुढच्या सीटवर बसायच्या. त्यांच्या मोबाईलवरची अक्षरं इतकी मोठी होती, की 'बांगडे नकोत, मांदेली आणा' हा सुनेचा निरोप मागच्या सगळ्यांना वाचता यायचा. कुणी डोकावलं तर मावशी मोबाईल झाकायच्या नाहीत. उलट मागे वळून त्याच्याकडेच टक लावून बघायच्या.

एकदा मोबाईलवर एका ॲपमधून डॉक्टरची वेळ घेता घेता त्या अडकल्या. ते ॲप आमच्याच ऑफिसात बनलेलं. अक्षरं मोठी असल्यामुळे 'पुढे' हे बटण स्क्रीनच्या बाहेर गेलं होतं.

मी म्हटलं, "मावशी, अक्षरं जरा लहान करा, बटण दिसेल."

"मी कशाला लहान करू? मेल्या, डोळे माझे आहेत. त्या बटणाला सांग सरकायला!"

मी हे ऑफिसात सांगितलं, तर साहेब हसले. "अशी माणसं असतात किती?"

त्या दिवसापासून माझ्या मोबाईलचीही अक्षरं मी सगळ्यात मोठी करून ठेवली आहेत. मीटिंगमध्ये ॲप दाखवायची वेळ आली, की साहेब वैतागतात. "अरे, आधी ती अक्षरं लहान कर."

मी मोबाईल तसाच त्यांच्यासमोर ठेवतो.

"बटणाला सांगा, साहेब."